शोधनिबंधाची पाठवणी

विद्वत्तेच्या व्यवहारांत निबंध लिहिणें हें एक काम आहे आणि तो पाठविणें हें अगदीं निराळें दुसरें काम आहे. पहिल्याचें कौतुक सर्वांस असतें. दुसऱ्याची कोणी दखलहि घेत नाहीं. लेख एकदां लिहून संपला कीं तो आपल्या पायांनीं चालत छापखान्यापर्यंत जातो, अशीच सामान्य समजूत दिसते. आमच्या घरींहि ती आहे. "लेख मागच्याच महिन्यांत पुरा झाला म्हणालां होतां ना? मग रात्रीं अकरापर्यंत आतां काय चाललें आहे?" हा प्रश्न आम्हांस दर खेपेस ऐकावा लागतो, आणि "स्वल्पविरामांच्या जागीं पूर्णविराम घालीत आहों" हें त्याचें शब्दशः खरें उत्तर दिलें, तर उत्तर देणाराच कांहीं लपवीत आहे असा संशय येतो.

मुलीचें लग्न ठरणें वेगळें आणि तिची पाठवणी वेगळी, हें ज्यांच्या घरांतून मुली सासरीं गेल्या आहेत त्यांस सांगावयास नको. ज्या घरीं तिला जावयाचें त्या घरची रीत आधीं समजून घ्यावी लागते. नियतकालिकांचेंहि तसेंच. एकास दीडशें शब्दांचा सारांश हवा, तर दुसऱ्यास अडीचशेंचा. एकाच्या घरीं तळटीपांना मान, तर दुसऱ्याच्या घरीं त्यांस उंबऱ्याच्या आंत प्रवेश नाहीं. एकास इंग्रजी शब्दांचें वर्णलेखन विलायती पद्धतीचें लागतें, दुसऱ्यास अमेरिकन पद्धतीचें. चित्रें निराळ्या फायलींत, कोष्टकें निराळ्या, लेखकाचें नांवगांव तिसऱ्याच पानावर. शिवाय संपादकास पत्र, हा लेख अन्यत्र कोठें पाठविलेला नाहीं अशी हमी, पैसा कोणाकडून मिळाला त्याचें निवेदन, कोणाशीं हितसंबंध गुंतले आहेत त्याचें निवेदन, आणि अलीकडे, लेख लिहितांना कृत्रिम बुद्धीच्या यंत्राचें साहाय्य घेतलें किंवा नाहीं, त्याचेंहि निवेदन. लेखकांच्या नांवांचा घोटाळा होऊं नये म्हणून २०१२ पासून 'ऑर्किड' नांवाचा एक सोळा आंकडी क्रमांक निघाला आहे. तोहि द्यावा लागतो. इतका दस्तऐवज आमच्या वडिलांनीं घर खरेदी करतांना केला नव्हता.

यांतील कांहीं नियमांची कुळकथा मोठी मौजेची आहे. दोन ओळींत दुप्पट अंतर सोडावें हा नियम टंकलेखन-यंत्राच्या काळांतला. संपादकास आपल्या लाल शाईनें ओळींच्या मध्यें दुरुस्ती लिहितां यावी आणि खिळे जुळविणाऱ्यास ती वाचतां यावी, एवढाच त्याचा हेतु. आतां खिळे गेले, जुळारी गेला, लाल शाईहि गेली. अंतर मात्र राहिलें. श्राद्धाच्या दिवशीं त्रास नको म्हणून घरांतलें मांजर टोपलीखालीं झांकणाऱ्या गृहस्थाच्या नातवांनीं पुढें श्राद्धासाठीं मुद्दाम मांजर शोधून आणिलें, ती गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच. बारा मापाचें 'टाइम्स न्यू रोमन' अक्षर हें असेंच एक मांजर. लंडनच्या 'टाइम्स' या वृत्तपत्रानें तें स्टॅन्ले मॉरिसन यांच्या देखरेखीखालीं करवून घेतलें व १९३२ सालीं वापरण्यास आरंभ केला. अरुंद रकान्यांत पुष्कळ मजकूर मावावा आणि तरीहि तो वाचतां यावा, ही त्याची कामगिरी. १९७२ मध्यें त्या पत्रानेंच तें सोडून दिलें. पण ज्या पानावर रकाने नाहींत आणि चारी बाजूंस ऐसपैस समास आहे, अशा पानावर जगभरचे प्राध्यापक तें अजून इमानानें वापरीत आहेत.

लेखकाचें आडनांव व साल कंसांत घालून संदर्भ देण्याची जी पद्धत आज सर्वत्र दिसते, तिचा उगम हार्वर्ड येथील एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ सालच्या निबंधांत दाखवितात. आणि तो निबंध आहे बागेंतल्या बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांविषयीं! अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेचे लेखनविषयक नियम १९२९ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हां ते सात पानांत मावले होते. २०१९ च्या सातव्या आवृत्तीस चारशेंहून अधिक पानें लागलीं. सूत्रावर भाष्य आणि भाष्यावर टीका ही खोड केवळ आमच्याच शास्त्रकारांची नव्हे, हें पाहून थोडें समाधान वाटतें. ज्या 'इबिड'च्या आधारावर आमच्या पिढीनें तळटीपांचीं पानेंच्या पानें निभावून नेलीं, त्यालाहि शिकागोच्या नियमग्रंथानें २०१७ च्या आवृत्तींत, शक्यतों वापरूं नये, म्हणून निरोप दिला. मराठींत त्याला 'कित्ता' हा किती आटोपशीर शब्द होता!

हें वाचून आम्ही या नियमांचे वैरी आहों असा कोणाचा समज झाला, तर तो बरोबर नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एकादा खंड ज्यानें उघडून पाहिला आहे, त्यास संदर्भाचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. पानाच्या वरच्या भागांत श्लोक आणि खालीं बारीक टायपांत पाठभेद. प्रत्येक पाठभेदापुढें तो कोणत्या पोथींत आहे त्याची सांकेतिक खूण. शारदा लिपींतल्या पोथीची खूण वेगळी, मल्याळम् लिपींतल्या पोथीची वेगळी. पहिल्यांदा पाहणारास हें पान म्हणजे गणिताचें कोष्टक वाटतें. पण या रचनेंत मोठी नीति आहे. संपादकानें जो पाठ स्वीकारला, त्याच्याविरुद्ध जेवढा पुरावा आहे तेवढा त्यानें स्वतःच्या हातानें त्याच पानावर मांडून ठेविला आहे. ज्यास वाद घालावयाचा असेल त्यानें तेथूनच हत्यार उचलावें. कोणत्या तरी खेड्यांत दिव्याच्या उजेडांत बसून पोथी उतरणाऱ्या लेखकाचें नांव आज कोणास ठाऊक नसेल. पण त्याच्या हातचें एक अक्षर वेगळें पडलें तर तेंहि त्याच्या खुणेसह नमूद आहे. संदर्भाच्या यादीकडे आम्ही पाहतों तें या दृष्टीनें, आणि म्हणूनच रात्रींचे अकरा वाजतात.

उलट, ज्या नियतकालिकांस कसलेंच वावडें नसतें त्यांपासून सावध राहावें. गेल्या पंधरावीस वर्षांत आपल्याकडे अध्यापकांची बढती छापील लेखांच्या संख्येशीं बांधली गेली, आणि मागणी तसा पुरवठा या न्यायानें लेख छापून देणारीं दुकानें निघालीं. त्यांस नियम नसतात, दर असतो. २०१३ सालीं जॉन बोहॅनन या पत्रकारानें मुद्दाम ढोबळ चुकांनीं भरलेला एकाच सांच्याचा शास्त्रीय निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवून पाहिला. १५७ जणांनीं तो स्वीकारला. विद्यापीठ अनुदान आयोगानें विश्वसनीय नियतकालिकांची यादी ठेवून पाहिली, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत ती बंद केल्याचें जाहीर केलें. तेव्हां आतां पारख ज्याची त्यानें करावयाची आहे. आमची कसोटी साधी आहे: ज्यांच्या सूचना वाचून अर्धा तास डोकें दुखत नाहीं, त्यांच्याकडे लेख पाठवूं नये.

या सूचनांत सर्वांत चमत्कारिक विधि म्हणजे स्वतःचें नांव पुसून टाकण्याचा. परीक्षकास लेखक कोण तें कळूं नये आणि लेखकास परीक्षक कोण तें कळूं नये, असा दुहेरी पडदा असतो. हा पडदा वाटतो तितका जुना नाहीं. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं १९३६ सालीं अमेरिकेंतील एका भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाकडे गुरुत्वलहरींविषयीं निबंध पाठविला. संपादकानें तो छापण्यापूर्वीं एका तज्ज्ञास दाखविला, एवढ्यावरूनच ते रागावले व त्यांनीं निबंध परत घेतला. तज्ज्ञाची शंका खरी होती. १९३७ मध्यें तो निबंध दुसरीकडे प्रसिद्ध झाला तेव्हां त्यांतला निष्कर्ष बदललेला होता. असो. आपणांस तर केवळ नांव पुसून भागत नाहीं. आपल्याच पूर्वींच्या लेखाचा उल्लेख परक्याचा असल्यासारखा करावा लागतो. जन्मभर 'आम्ही' म्हणून लिहिणाऱ्या मनुष्यास स्वतःला 'ते' म्हणणें जड जातें. तथापि त्या निमित्तानें स्वतःशीं थोडा मतभेद दाखविण्याची सोय होते, हा एक लाभच म्हणावा.

मराठी विषयावर इंग्रजींत लिहिणाराची अडचण आणखी वेगळी आहे. आमचीं वीस वर्षांपूर्वींचीं मराठी टिपणें ज्या फाँटांत आहेत, त्या फाँटांनीं रोमन अक्षरांच्या जागीं मराठी वळणें बसविलीं होतीं. त्यामुळें ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली कीं 'माहेर' शब्दाच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा काला दिसतो. युनिकोडानें ही विटंबना थांबविली खरी. पण लेख पाठविण्याच्या यंत्रणेंत शिरल्यावर तोच शब्द कधीं कधीं चार रिकाम्या चौकटी होऊन बाहेर येतो. म्हणून मराठी उतारे रोमन लिपींत, वर रेघा व खालीं टिंबें देऊन लिहावे लागतात. ही लिप्यंतराची पद्धत मुळांत संस्कृतासाठीं बसविलेली. तिनें लिहिलें तर 'राम' शब्दाच्या शेवटीं एक पूर्ण 'अ' येतो, जो बोलण्यांत कोणी उच्चारीत नाहीं. आणि तो गाळावा, तर गाण्यांत तोच 'अ' लांबवून गातात. 'ळ'साठीं 'एल'खालीं टिंब द्यावें असें एक मानक सांगतें, तर दुसऱ्यांत तेंच चिन्ह 'ऌ'साठीं राखून ठेविलेलें. या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नापाशींच आमच्या एका विद्यार्थिनीचा निबंध प्रथम अडला. टिंबाचें तिनें दोन दिवसांत निभावून नेलें. पण पुढें जें अडलें तें टिंबाहून फार मोठें होतें.

ही विद्यार्थिनी मुळशीकडच्या एका खेड्यांतली. पीएच.डी.साठीं तिनें जात्यावरच्या ओव्या हा विषय घेतला. विषय नवा नाहीं. साने गुरुजींनीं ओव्या जमविल्या. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनीं तर खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या उतरून घेतल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचें नांव व तिचें गांव नोंदविलें. आमच्या विद्यार्थिनीच्या निबंधांत नवें होतें तें एवढेंच, कीं ओवीची ओळ कोठें थांबते याचा विचार तिनें शब्दांवरून न करितां हातावरून केला होता. दळणारीस जात्यांत वैरण घालण्यासाठीं मधून मधून एक हात खुंट्यावरून काढावा लागतो. नाचणीस वैरण एका अंतरानें, तांदळास दुसऱ्या. हात सुटतो त्या वेळीं ओवीचा शेवटचा स्वर लांबतो, आणि मूठ जात्यांत पडली कीं दुसरी ओळ सुरू होते. ओवीचें माप अक्षरांत मोजण्याऐवजीं वैरणींत मोजून पाहावें, असें तिचें म्हणणें. हें मत टिकेल कीं नाहीं तें विद्वान् ठरवितील. आम्हांस तें वाचून पुष्कळ दिवसांनीं कांहीं नवें वाचल्याचा आनंद झाला.

कच्च्या खर्ड्यांत तिनें लिहिलें होतें, "असें प्रस्तुत लेखिकेचें मत आहे." आम्हीं सहज विचारलें, "हें तुला सुचलें कसें?" ती म्हणाली, "मला नाही सुचलं सर. आजी सांगते. ती म्हणते, ओवी तोंडात नसते, हातात असते."

"मग येथें 'प्रस्तुत लेखिका' कशाला?"

"आजीला रेफरन्समध्ये कसं घालायचं ते सापडत नाही."

ती नियमग्रंथ चाळूनच आली होती, आणि तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. प्रत्यक्ष बोलण्यांतून मिळालेली माहिती 'व्यक्तिगत संभाषण' म्हणून लेखाच्या ओघांत कंसांत सांगतां येते, परंतु शेवटच्या यादींत तिला जागा नाहीं. कारण वाचकास ती पुनः पाहतां येत नाहीं. आणि ज्यांच्यावर संशोधन केलें त्या माणसांचे उद्गार असतील, तर त्यांचा संदर्भच द्यावयाचा नाहीं, नांव गुप्त ठेवावयाचें. आमच्या संमतिपत्राच्या छापील नमुन्यांतहि तसेंच वाक्य होतें. अशा रीतीनें ज्या बाईचा सिद्धान्त होता ती निबंधांत 'सहभागी क्रमांक ४' झाली होती, आणि सिद्धान्त नातीच्या नांवावर जमा झाला होता. यांत नातीचा लोभ नव्हता. नियम पाळतां पाळतां तो आपोआप तसा जमा झाला.

नांव गुप्त ठेवण्याचा नियम वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. दवाखान्यांतल्या रोग्यांवर किंवा घरीं मार खाणाऱ्या स्त्रियांवर जें संशोधन होतें, तेथें तो नसेल तर माणसें उघडीं पडतील. ओव्यांतहि सासरची गाऱ्हाणीं असतात. त्याच गांवांतल्या दुसऱ्या एका बाईंनीं, "माझं नाव नका घालू, दीर वाचतो," असें स्पष्ट सांगितलें होतें. त्या निबंधांत 'क्रमांक २' म्हणूनच आहेत आणि तशाच राहतील. परंतु आजींस कोणीं विचारलेंच नव्हतें. नातीनें संमतिपत्र वाचून दाखविलें तेव्हां त्या म्हणाल्या, "नाव लपवाय मी काय चोरी केली व्हय?" हें वाक्य नातीनें आम्हांस हंसत हंसत सांगितलें, आणि पुढें दोघांनाहि थोडा वेळ कांहीं बोलतां आलें नाहीं. आपल्या संतकवींनीं आपलें नांव अभंगाच्या शेवटच्या चरणांतच गुंफून ठेविलें तें किती धोरणाचें, असें आमच्या मनांत आलें. तेथून तें काढावयाचें म्हटलें तर छंदच मोडतो.

पहिल्या खेपेस निबंध पाठविला तेव्हां आजींचें नांव ओघांत 'व्यक्तिगत संभाषण' म्हणून घातलें. पांच महिन्यांनीं दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. एकानें त्या ओळीपाशीं लिहिलें होतें, "या विधानास प्रमाण नाहीं, प्रसिद्ध साहित्यांतील आधार द्यावा." दुसऱ्यानें लिहिलें होतें, "माहितीदाराचें नांव उघड करणें उचित नव्हे." म्हणजे एकाच्या मतें आजी प्रमाण होण्याइतक्या मोठ्या नव्हत्या, आणि दुसऱ्याच्या मतें नांव घेण्याइतक्या सुरक्षित नव्हत्या. दोघेहि आपापल्या परीनें सभ्य मनुष्य असावेत. अभिप्रायाची भाषा आदराची होती. विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ते वाक्य काढून टाकते. त्याच्याशिवायही पेपर उभा राहतो." निबंध उभा राहिला असता हें खरें. आम्हीं मात्र तें काढूं दिलें नाहीं. तिची शिष्यवृत्ति त्या वर्षीं संपत होती व मुलाखतीसाठीं छापील लेख हातांत असणें तिला फायद्याचें होतें, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यामुळें आमचा हा आग्रह तिला महागांत पडण्याचा संभव होता. तसें आम्हीं तिला सांगितलेंहि. तिनें दोन दिवस विचार केला आणि मग, "सर, रविवारी गावाला येता का?" एवढाच निरोप पाठविला.

वाट नियमांतच होती. वाचकास पुनः पाहतां येत नाहीं, हा जर आक्षेप, तर पाहतां येईल, किंवा ऐकतां येईल, असें करावयाचें. युरोपांतील सर्न या संशोधनसंस्थेनें २०१३ सालीं 'झेनोडो' नांवाचें एक भांडार उघडलें आहे. तेथें कोणाहि संशोधकास आपलें साहित्य, ध्वनिमुद्रणसुद्धां, विनामूल्य ठेवितां येतें. आणि ठेविलेल्या प्रत्येक वस्तूस एक कायमचा क्रमांक मिळतो. संकेतस्थळाचा पत्ता पुढें बदलला तरी तो क्रमांक बदलत नाहीं. निबंधांच्या यादींत शेवटीं जो लांबलचक आंकडा दिसतो, तो हाच. ध्वनिमुद्रण अशा ठिकाणीं जाऊन बसलें, म्हणजे गाणारी व सांगणारी बाई ही त्याची कर्ती ठरते आणि यादींत तिला आडनांवाच्या वर्णक्रमानें, कोणाच्याहि मेहरबानीवांचून, जागा मिळते.

जातें पडवींत एका कोपऱ्यास होतें. त्यावर आतां तुळशीच्या बियांची डबी ठेवलेली असते. सुनेनें तें धुऊन पुसून मध्यें आणिलें. आजींचें वय ऐंशींच्या पुढें. आम्हांस त्या 'मास्तर' म्हणाल्या. आधीं नाचणी आणि मग तांदूळ, असें तासभर दळून, गाऊन, मधून मधून थांबून, हात कोठें सुटतो तें त्यांनीं नातीच्या मोबाइलपुढें दाखविलें. एकदां नातीनें एक ओवी नुसती म्हणून दाखवा असें सांगितलें, तर त्यांस ती अर्ध्यावर आठवेना. खुंट्यावर हात ठेवतांच सबंध आठवली. त्यांचें म्हणणें सिद्ध करण्यास याहून चांगला पुरावा आम्हांस तरी सुचत नाहीं, व तो ध्वनिमुद्रणांत जसाच्या तसा आहे.

मग नांवाचा प्रश्न निघाला. आधारपत्रावर त्यांचें सासरचें नांव; तेंच घालावें असें आम्हीं धरून चाललों होतों. आजी म्हणाल्या, "जात्यावर बसली की मी माहेरची. नाव तिकडचं लाव." माहेरचें आडनांव नातीस ठाऊक होतें. पण लग्नांत आजींचें पाळण्यांतलें नांवहि बदललें होतें, आणि तें नांव काय होतें तें त्या घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. सुनेस नाहीं, मुलास नाहीं, नातीस नाहीं. आजींनीं तें सांगितलें. साठ वर्षांहून अधिक काळ त्या नांवानें त्यांस कोणीं हांक मारली नसेल. नातीनें तें वहींत लिहिलें आणि ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना म्हणून वही आमच्यापुढें धरली. तें नांव येथें देण्याचा अधिकार आमचा नाहीं. निबंधांत तें आहे.

निबंधांत आहे असें म्हटलें, पण तेथेंहि नियमानें आपलें काम केलेंच. यादींत आडनांव पूर्ण आणि पहिल्या नांवाचें केवळ आद्याक्षर, अशी रीत आहे. एवढ्या वर्षांनीं बाहेर आलेल्या नांवाचें एकच अक्षर यादींत उरलें. विद्यार्थिनीनें मग लेखांत जेथें आजींचा प्रथम उल्लेख येतो तेथें पूर्ण नांव व माहेरचें गांव लिहिलें, 'सहभागी' हा शब्द खोडला, आणि परीक्षकांस द्यावयाच्या उत्तरांत मुद्देवार लिहिलें कीं, ज्यांनीं नांव गुप्त ठेवण्यास सांगितलें त्यांचें ठेविलें आहे. ज्यांनीं देण्यास सांगितलें त्यांचें दिलें आहे. आणि प्रमाण ऐकण्यासाठीं सोबत क्रमांक जोडला आहे. आम्हीं त्या उत्तरांतला एक स्वल्पविराम तेवढा बदलला.

क्रमांक मिळाल्याचें कळलें तेव्हां, तो कशाचा म्हणून आजींनीं विचारलें. नातीनें आपल्या परीनें समजावून सांगितलें, कीं तुझ्या गाण्याची ही कायमची नोंद, कोणाला बदलतां येणार नाहीं, तुझ्या नांवावर आहे. "म्हंजी सातबारा," आजी म्हणाल्या. जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांचें नांव कधींच नव्हतें. माहेरच्याहि नाहीं आणि सासरच्याहि नाहीं.

दुरुस्त निबंध जाऊन आतां चार महिने होतील. यंत्रणेंत त्याच्यापुढें 'परीक्षकांकडे' एवढींच अक्षरें दिसतात. विद्यार्थिनीची मुलाखत मध्यंतरीं होऊन गेली. तिनें तेथें छापील लेखाऐवजीं ध्वनिमुद्रण ऐकविलें, निकाल लागावयाचा आहे. आजींचा मात्र दर पंधरवड्यास निरोप येतो: त्या साहेबांनीं ऐकलें का, तें मास्तरांना विचार. भांडाराच्या पानावर तें मुद्रण किती वेळां उघडलें गेलें त्याचा आंकडा दिसतो. काल तो सत्तावीस होता. त्यांतले निदान दहा नातीचे आणि चार आमचे आहेत. बाकीचे तेरा कोणाचे, तें कळण्यास मार्ग नाहीं.